तिथी बघा, मग घाट उतरा : बेळगावकरांसाठी समुद्रातल्या गरीचं वर्ष

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ पहिल्यांदा समुद्रात गरी टाकली तो दिवस रविवार होता. पहाटे अडीचला बेळगाव सोडलं, आंबोलीचं धुकं कापत उतरलो आणि उजाडायच्या आत खडकावर उभा राहिलो. दुपारपर्यंत एकाही माशाने दोरीला हात लावला नाही. शेजारी जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "आज तिथ खयची?" मला माहीत नव्हती. त्यानेच सांगितलं, अष्टमी. "मगे पाणी खय चलता?" एवढं बोलून तो पुन्हा जाळ्याकडे वळला.

समुद्रातल्या गरीबद्दल मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्या प्रश्नात आहे. आपण हिडकल धरणावर, मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयाच्या डोहात गरी टाकत वाढलो. तिथलं पाणी आपली वाट बघत थांबतं. कधीही जा, मरळ असेल तर असेल. समुद्राचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं आणि मासा त्या पाण्याबरोबर खायला येतो. आपल्याला किनारा गाठायला घाट उतरावा लागतो, साडेतीन-चार तास जातात, डिझेल जळतं, झोप जाते. म्हणून कोकणातल्या माणसापेक्षा आपल्यालाच पाण्याची वेळ जास्त नेमकी कळायला हवी. तो संध्याकाळी परत येऊ शकतो, आपण नाही.

आधी पंचांग, मग गाडीची किल्ली

जुना हिशोब असा : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सव्वाबारा-साडेबारा तासांनी दुसरी भरती, आणि दोन्हींच्या मध्ये सुकती, म्हणजे ओहोटी. भरती रोज सरासरी पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. पण हा ठोकताळा आहे. तासभर, क्वचित थोडा जास्तही फरक पडतो, आणि मुंबईकडून दक्षिणेला येऊ तशी भरती आधी लागते. दिवस ठरवायला पाऊणपट पुरे. निघायची वेळ ठरवताना मात्र मुरगाव किंवा कारवार बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा, तो मोबाइलवर सहज मिळतो. तक्त्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या दिसणार नाहीत. आपल्या किनाऱ्यावर एक मोठी आणि एक धाकटी असते, मोठी निवडा.

अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं : पाणी खूप चढतं, खूप उतरतं, जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती : पाणी जेमतेम हलतं. मुंबईला उधाणात चार मीटरहून जास्त फरक पडतो, गोवा-कारवारकडे साधारण दोनच मीटर. म्हणजे आपल्याकडे मुळातच पाण्याची हालचाल कमी, त्यात भांग आला की समुद्र तळ्यासारखा बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दोन मीटरची भरती असेल तर मधल्या दोनच तासांत मीटरभर पाणी येतं. गरीसाठी खरा वेळ तो. पाणी पूर्ण चढून थबकतं तेव्हा चहा प्या.

यावरून मी दिवस असे निवडतो. नदीच्या तोंडावर जायचं असेल तर चतुर्थी-पंचमी. त्या दिवशी पहाटे सुकती चालू असते, खाडीतली कोळंबी आणि बारकी बोय पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि मोठे मासे तोंडाशी वाट अडवून उभे राहतात. खडकावर जायचं असेल तर एकादशी ते त्रयोदशी. भरती सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान पुरी होते, म्हणजे उजाडताना पाणी चढतं असतं. आणि संध्याकाळीही पुन्हा तसाच मेळ बसतो.

यातला घोळ आपल्या घरांत लगेच लक्षात येईल. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि एकादशीलाही पुष्कळ घरांत चुलीवर मासळी चढत नाही. चांगलं पाणी नेमकं उपासाच्या दिवशी. माझ्या घरी हे पाळतात आणि मीही पाळतो. त्यामुळे त्या दिवशीचे बहुतेक मासे मी परत सोडतो. एखादा ठेवलाच तर बर्फात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. बर्फ नीट असेल तर चवीत फरक पडत नाही.

कुठला घाट, कुठलं पाणी

बेळगावची ही एक जमेची बाजू आहे : तीन वाटा तीन वेगळ्या पाण्यांवर उतरतात. आंबोलीतून सावंतवाडी-वेंगुर्ला, सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथे खडक, वाळू आणि छोट्या खाड्या एकमेकींना लागून आहेत. शिरोडा-रेडीकडून पुढे तेरेखोलचं तोंड, जिथे महाराष्ट्र संपून गोवा सुरू होतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

चोर्ल्यातून उतरलात की मांडवी, झुआरी, शापोरा. मोठ्या नद्या, पूल, खारफुटी. चोणक आणि तांबोशी या माशांसाठी याहून चांगलं पाणी आपल्याला जवळ नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रात्री रस्त्यावर गवे येतात, वेग कमी ठेवा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला आपल्याकडे वाहते. त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी मांडवीला मिळून अरबी समुद्रात जातं. तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की आपण समुद्रापासून तितके लांब नाही.

तिसरी वाट खानापूर-लोंढा-अनमोडवरून कारवारकडे. लांब पडते, मुक्कामाने जावं. कोडीबाग आणि सदाशिवगडच्या मध्ये काळी नदीचं तोंड, पुढे अंकोल्याजवळ गंगावळी, त्याच्या पुढे तदडीला अघनाशिनी. कारवारला नौदलाचा तळ आहे. त्या हद्दीत आणि अंजदीव बेटाच्या आसपास होडी नेऊ नका.

काय न्यायचं

सुरुवातीला एकच दांडी घ्या : आठ-नऊ फुटांची, ३० ते ६० ग्रॅम वजन फेकणारी. त्यावर ४००० नंबरचं स्पिनिंग रीळ, २० ते ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, दोनेकशे मीटर, आणि पुढे वावभर जाड तंगूस (नायलॉनची सलग दोरी), ४० पौंडांचं. हे लीडर सोडू नका. ब्रेड ओढायला चिवट असते, पण कालवं लागलेल्या खडकावर घासली की क्षणात तुटते. दोन्ही दोऱ्यांची गाठ घरी बसून शंभर वेळा बांधा, म्हणजे अंधारात वाऱ्यात बांधता येईल. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर तंगूस तापून कमजोर होतं.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सुटू देणारा ब्रेक, अंदाजाने लावू नका. घरातला ताणकाटा दोरीला अडकवून ओढा. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. दोरी अडीच-तीन किलोच्या ताणाला सुटायला लागली पाहिजे, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

गऱ्या १/० ते ३/० मापाच्या, शक्यतो आत वळलेल्या सर्कल. ही गरी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसते, पोटात जात नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो. पण सवय बदलावी लागते. आपण मरळीला झटका देतो तसा इथे द्यायचा नाही. दोरी ताणत गेली की नुसतं रीळ फिरवत राहायचं, गरी आपोआप बसते.

शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नका. वीतभर कमजोर तंगूस मध्ये घाला. खडकात अडकतं ते नेहमी शिसंच, तेवढंच तुटेल आणि बाकी सरंजाम परत येईल. कृत्रिम आमिषांत ३०-४० ग्रॅमची चकाकती जिग (धातूची मासळी), एक बुडता मिनो (कडक बनावट मासा), एक पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचं आमिष) आणि रबरी मासळ्यांचं पाकीट एवढं पुरे. दुकानात भिंतभर दिसतात, त्यातली बरीच आपल्यालाच गळाला लावायला असतात.

आणि जिवंत कोळंबीला तोड नाही. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्याकडून सकाळी वीस-पंचवीस विकत घ्या, बॅटरीवरच्या हवेच्या पंपासह बादलीत ठेवा, बादलीवर ओलं गोणपाट टाका. डोक्यात काळा ठिपका दिसतो तो टाळून, शिंगाच्या मुळाशी गरी टोचा, म्हणजे ती बराच वेळ जिवंत राहते. ती मेली तर शेपटीकडून ओवून वाळूवर मुडदुशी या छोट्या माशासाठी वापरा.

गणपती ते दिवाळी : गढूळ पाण्याचे दिवस

नारळी पौर्णिमा झाली की होड्या निघतात, पण खडकावर उभं राहणाऱ्याने आणखी काही आठवडे थांबावं. लाटा बसलेल्या नसतात. गणपतीनंतर, सप्टेंबर अखेरपासून मी नदीच्या तोंडांवर जातो. पावसाळ्यात या किनाऱ्यावर खालचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर तारले-बांगड्यांचे थवे पोसले जातात, आणि नद्यांतून गढूळ पाणी अजून येत असतं. गढूळ आणि निळं पाणी जिथे भेटतं ती रेषा डोळ्यांनी स्पष्ट दिसते. गरी त्या रेषेच्या कडेला टाकायची.

हा चोणकाचा मोसम. रायगडकडचा जिताडा तो हाच. तो पुलाच्या खांबाच्या सावलीत, बांधाच्या कोपऱ्यात, प्रवाहाची धार मोडते तिथे स्थिर उभा असतो. रबरी मासळी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि वाहत त्याच्या तोंडासमोर येऊ द्या. घेतल्यावर तो उडी मारून डोकं झटकतो. तेव्हा दांडी खाली झुकवा, नाहीतर गरी उडून येते. त्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, तिथे बोट घालू नका.

चोणक जन्मतो नर आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठे चोणक त्यामुळे बहुतेक माद्याच असतात, आणि पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी त्यांचीच अंडी पडतात. मी दोन-तीन किलोचा घरी आणतो, त्याहून मोठा पाण्यात धरून, तो स्वतः शेपूट मारेपर्यंत थांबून सोडतो. हा कायदा नाही, माझा नेम आहे. तुम्हीही पाळावा अशी मनापासून विनंती आहे.

तांबोशीचं वागणं वेगळं. तो खारफुटीच्या मुळांत, बुडालेल्या दगडांत राहतो, अंधार पडताना बाहेर येतो, आणि आमिष धरलं की त्याच क्षणी बिळाकडे पळतो. पहिल्या दोन सेकंदांत त्याला थांबवलंत तर मासा तुमचा. तेवढ्यापुरता ड्रॅग नेहमीपेक्षा घट्ट ठेवा.

थंडी : नवख्याचा मोसम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पाणी आरशासारखं असतं. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. म्हणून जे काही करायचं ते सकाळी. पाणी स्वच्छ, म्हणून दोरी बारीक आणि आमिष लांब फेकायचं.

खडकावर कोकर मासे मिळतात, जिग वेगाने ओढली की झुंडीने मागे येतात. होडीने जायचं तर हाच काळ. स्थानिक मच्छीमाराची नोंदणी असलेली होडी ठरवा, आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, होडीत ठेवू नका. सुरमईसाठी मिनो मागे सोडून ताशी ८-१० किलोमीटरने होडी चालवतात. दोरीच्या टोकाला वीत-दीड वीत स्टीलची तार हवीच, सुरमईचे दात तंगूस कात्रीने कापावं तसं कापतात.

मुलांना घेऊन जाणार असाल तर वाळूवर मुडदुशी. बारीक गरी, कोळंबीचा तुकडा, लाट फुटते त्याच्या जरा मागे. किलोभर मुडदुशी जमली की दिवस सार्थकी लागतो, आणि या तळलेल्या मुडदुशीपुढे मला सुरमईही नको वाटते.

याच महिन्यांत समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात : वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग. रात्री त्या वाळूवर बॅटऱ्या फिरवू नका, दोऱ्या टाकू नका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकण्याआधी हद्द विचारून घ्या.

उन्हाळा : रात्रीचं काम

मार्च ते मे दिवसा मासा खोल जातो आणि माणूस भाजतो. संध्याकाळी पाचनंतर सुरू करा, रात्री दहापर्यंत. खाडीतल्या पुलांखाली, धक्क्यांच्या दिव्यांखाली कोळंबी गोळा होते आणि तिच्यामागे तांबोशी. धक्क्यावर परवानगी विचारूनच बसा. शिंगाळाही बराच लागतो, त्याची हकीकत पुढे येते. मेच्या मध्यानंतर दूरच्या वादळांच्या लाटा निरभ्र आकाशाखालीही येऊन आदळतात, तेव्हा खडक सोडून द्या.

खडक, लाट आणि काटे

हे मी सगळ्यात पोटतिडकीने लिहितो, कारण घाटावरून आलेला माणूस समुद्राला नदी समजतो. नदीचा पूर दिसतो, लाट सांगून येत नाही. खडकावर पोचल्यावर पंधरा मिनिटं काहीही न करता फक्त बघत बसा. कोरडा खडक आणि ओला खडक यांची रेघ शोधा. जो खडक ओला आहे तिथे लाट पोचते, मग पंधरा मिनिटं ती आली नसली तरी. तिथे उभं राहायचं नाही. समुद्राकडे पाठ करून गाठ बांधायची नाही. एकट्याने जायचं नाही. चढत्या भरतीत खडकावर जाताना परतीची वाट आधी बघा. येताना घोटाभर असलेलं पाणी दोन तासांनी छातीला लागतं. गमबूट घालू नका, पाणी भरलं की ते तुम्हाला खाली ओढतात.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन विषारी काटे असतात, चिमट्याने धरा किंवा दोरी कापून सोडा. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४०-४५ अंशांत, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा. वेदना पुष्कळ उतरते. तिथून थेट दवाखाना गाठा. छातीत किंवा पोटात काटा गेला असेल तर तो उपसू नका. आणि फुगणारा केंड कितीही मोठा मिळाला तरी खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

देवमुशी (व्हेल शार्क), करवत मासा, समुद्रघोडा, राक्षसी हेकरू यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागले तर फोटोसाठीही वर न घेता पाण्यातच सोडा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तिथे गरी टाकू नका. दांडी बाजूला ठेवा आणि दोरीला हात लावा. मला आजवर मिळालेल्या चांगल्या जागा अशाच माणसांनी दाखवल्या.

घाट चढून परत

मासा ठेवायचा असेल तर लगेच मारा, कल्ले कापून रक्त समुद्राच्या पाण्यात जाऊ द्या, मग बर्फात. जितकी मासळी तितका बर्फ, त्यात दोन-तीन तांबे समुद्राचं पाणी, म्हणजे गारवा सगळीकडून लागतो. बांगडा-सुरमईच्या जातीत ही हयगय चालत नाही. उन्हात राहिले तर त्यांच्यात तयार होणारं हिस्टामाइन शिजवूनही जात नाही, आणि अंगावर गांधी उठतात. रीळ घरी आल्या रात्रीच गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं.

जून-जुलैत ६१ दिवस यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर बंदी असते. गरी टाकणाऱ्या एकट्या माणसाला ती लागू होते की नाही हा वाद घालत बसू नका, तो अंड्यांचा काळ आहे आणि समुद्रही जाऊ देत नाही. मी त्या दिवसांत रिळं उघडून तेल घालतो, गंजलेल्या गऱ्या फेकतो, जुनी ब्रेड उलटी करून गुंडाळतो म्हणजे न वापरलेलं टोक बाहेर येतं. आणि पुढच्या भाद्रपदापासूनच्या चतुर्थ्या-पंचम्या, एकादश्या-त्रयोदश्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करतो. जिथे हे गोल शनिवार-रविवारी पडतात, तिथे शेजारी घाटाचं नाव लिहून ठेवतो.